जुन्या सीडी अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) देण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर लेख आला आहे. माळा कसा आवरावा, पितळेची भांडी कशी घासावी, जुन्या साड्यांचं काय करावं, सगळं उपयोगाचं होतं. पण त्यातच असंही छापलं होतं की जुन्या सीडी आता कुणी ऐकत नाही, सगळं संगीत मोबाइलवर मिळतं, तेव्हा त्या ई-कचऱ्यात द्या, नाहीतर दोरा ओवून गॅलरीत टांगा म्हणजे कबुतरं येत नाहीत. हे मला फार लागलं, म्हणून लिहायला बसले. सगळं संगीत मोबाइलवर मिळत नाही. आणि ज्या संगीताच्या बाबतीत हे म्हणणं सगळ्यात खोटं ठरतं, त्याच संगीतावर माझा जीव आहे.

मी ट्रान्स (सिंथेसायझरवरचं, एकसारख्या ठोक्याचं नाचाचं संगीत) आणि क्लब डान्सचे मिक्स अल्बम ऐकते. रामबागेत आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझी दातांची लॅब आहे. डॉक्टर मापं पाठवतात, मी सिरॅमिकच्या कॅप आणि ब्रिज बनवते. ओलं पोर्सिलेन ब्रशने थरावर थर चढवायचं, ते भट्टीत आकसतं म्हणून दात आधी थोडा मोठाच रचायचा, आणि हे सगळं थर वाळायच्या आत. अशा वेळी दर चार मिनिटांनी संपणारं गाणं मला नको असतं. हाताला एक लय लागते आणि ती तासभर टिकावी लागते. मिक्स अल्बममध्ये ती टिकते. कॉलेजात होते तेव्हा दादा मर्चंट नेव्हीत होता, आणि बोट रॉटरडॅमला किंवा सिंगापूरला लागली की तो माझ्यासाठी सीडी आणायचा. त्या अजून माझ्याकडे आहेत आणि अजून वाजतात.

बाबा अमीर खाँसाहेबांचे भक्त. खाँसाहेबांचा मारवा चालू असताना घरात कुणी कप जरी खाली ठेवला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. माझी ही ‘धकधक’ त्यांना आवडली असं मी म्हणणार नाही. पण हे मध्येच तोडायचं संगीत नाही, एवढं त्यांनी फार लवकर ओळखलं. मला हाक मारायची असली तर ते दाराशी येऊन विचारायचे, ‘तबकडी संपायला किती वेळ आहे गं?’

ज्यांनी हे संगीत फक्त मिरवणुकीतल्या ट्रकवर, छाती हादरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीतून ऐकलं आहे, त्यांना मिक्स अल्बम म्हणजे काय ते सांगायला हवं. (त्या भिंतींवर बंदी आली तर पहिली सही माझी.) मिक्स अल्बममध्ये दहा-पंधरा ट्रॅक असतात, पण ते एकापाठोपाठ नुसते मांडलेले नसतात. सीडीवर 74 मिनिटं मावायची, पुढे 80 मावू लागली. त्या सबंध वेळात संगीत एकदाही थांबत नाही. ट्रान्सचा वेग मिनिटाला साधारण 130 ते 140 ठोके. डीजे पुढच्या ट्रॅकचा वेग आधी हेडफोनवर ऐकून जुळवतो. टेक्निक्सच्या एसएल-1200 या टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रावर, त्यासाठी एक सरकपट्टी असते, तिने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होतो. ठोक्यावर ठोका बसला की नव्या ट्रॅकचा बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, दाबून ठेवून फक्त वरची बारीक हाय-हॅट, म्हणजे झांजेचा आवाज, आत सोडायची. ऐकणाऱ्याला वाटतं जुन्याच ट्रॅकमध्ये काहीतरी चमकायला लागलं. मग सोळा नाहीतर बत्तीस बारांचा (एक बार म्हणजे चार ठोके) फेरा पुरा होतो त्या ठोक्यावर जुन्याचा बेस काढायचा आणि नव्याचा द्यायचा. तेवढ्यात पायाखालची जमीन बदललेली असते आणि वरची चाल मात्र अजून आधीचीच चालू असते. सूर जुळत नसतील तर हे सगळं बेसूर होतं, म्हणून कुठल्या ट्रॅकशेजारी कुठला ठेवायचा यावरच डीजेची निम्मी हुशारी खर्च होते.

आता माझा खरा मुद्दा. दोन ट्रॅक एकावर एक असतात त्या दीड-दोन मिनिटांत जे ऐकू येतं, ते दोन्हींपैकी कुठल्याच मूळ रेकॉर्डवर नसतं. ते फक्त त्या अल्बमवर असतं. मूळ ट्रॅक उद्या सगळेच्या सगळे मोबाइलवर मिळाले, तरी ही दीड-दोन मिनिटं मिळत नाहीत. आणि अख्ख्या तबकडीचा चढ-उतार, म्हणजे सुरुवातीला अर्धा तास नुसतं गुडघ्यापर्यंत पाणी, मग हळूहळू ओढ, मग ठोका थांबून फक्त सूर राहिलेली ती लांब जागा आणि त्यानंतर परत येणारा ठोका, हे तर त्या एका माणसाने त्या एका क्रमात रचलेलं असतं.

ही रचणारी माणसं काही साधीसुधी नव्हेत. इंग्लंडात मॅन्सफील्ड नावाच्या गावात रेनेसाँ नावाचा क्लब होता. त्याच्या नावाने 1994 मध्ये साशा आणि जॉन डिगवीड यांनी तीन सीडींचा मिक्स संग्रह काढला. घरी बसून ऐकण्यासाठी एवढ्या काळजीने रचलेला, देखण्या वेष्टनातला डीजे मिक्स म्हणून लोक अजून त्याचं नाव घेतात. त्याच दोघांचा 1996 चा ‘नॉर्दर्न एक्स्पोझर’ माझ्या दृष्टीने या सगळ्यांचा राजा. त्याच वर्षी ‘ग्लोबल अंडरग्राउंड’ ही मालिका सुरू झाली, दर अल्बमला एक डीजे आणि एक शहर. प्राग, ओस्लो, सिडनी, हाँगकाँग. इंदुरातल्या मुलीने ही शहरं आधी कानांनी पाहिली. लंडनच्या मिनिस्ट्री ऑफ साउंड या 1991 मध्ये उघडलेल्या क्लबने 1995 पासून ‘द ॲन्युअल’ काढला, तो खपायचाही भरपूर. शेफील्डच्या गेटक्रॅशर क्लबचे अल्बम जास्त भडक, पण त्यातला उत्साह खरा. टिएस्टोची ‘इन सर्च ऑफ सनराइज’ मालिका 1999 ची. रात्री काम संपवताना मी आजही तीच लावते.

आपल्याकडच्या लोकांना हे सगळं परकं वाटतं, पण यातला एक मोठा झरा गोव्यातून निघालेला आहे. हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळी रात्रभर नाचायची, आणि उन्हात रेकॉर्ड वाकतात म्हणून तिथले डीजे डॅट टेपवरून (डिजिटल कॅसेटवरून) वाजवायचे. पॉल ओकनफोल्ड या डीजेने डिसेंबर 1994 मध्ये बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा मिक्स सादर केला, तो आजही ‘गोवा मिक्स’ याच नावाने ओळखला जातो. त्यात चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचे तुकडे ट्रान्समध्ये असे विरघळवले आहेत की सांधा सापडत नाही.

मग हे मोबाइलवर का नाही? कारण अशा अल्बममधला प्रत्येक ट्रॅक वेगळ्या मालकाचा. अल्बम काढणारी कंपनी प्रत्येकाकडून परवानगी घ्यायची, ती बहुतेक वेळा ठरावीक मुदतीपुरती आणि सीडीपुरतीच. मुदत संपली, काही कंपन्या बुडाल्या, काही विकल्या गेल्या. आता स्ट्रीमिंगसाठी पंधरा मालकांना पुन्हा शोधून काढायची तसदी कोण घेणार? म्हणून त्या काळचे बरेच अल्बम मूळ मिक्सच्या रूपात तिथे नाहीतच. काही दिसतात, पण त्यांतले दोन-चार ट्रॅक करडे पडलेले असतात, दाबले तरी वाजत नाहीत. काही ठिकाणी त्याच नावाखाली सुटे ट्रॅक ठेवलेले असतात, प्रत्येक आपापला सुरू होतो आणि आपापला संपतो. या क्रमालाही काही किंमत आहे असं म्हणत मिनिस्ट्री ऑफ साउंडने 2013 मध्ये स्पॉटिफायवर दावा लावला होता. लोक त्यांच्या अल्बमचा क्रम जसाच्या तसा उचलून यादी बनवतात, अशी तक्रार होती. 2014 मध्ये तडजोड झाली. कोर्टाने निकाल दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

म्हणजे उरली ती सीडीच. आमच्या गल्लीत एका गॅलरीत खरोखर सीडी टांगलेल्या आहेत. परवा दूध आणायला गेले तेव्हा वाऱ्यावर फिरणारी एक तबकडी उन्हात आली आणि मिनिस्ट्री ऑफ साउंडचं चिन्ह मला खालून ओळखू आलं. मी वर जाऊन विचारलं. वहिनींनी आनंदाने काढून दिली, त्यांच्या भाच्याची होती. दोरा मधल्या भोकातून ओवला होता म्हणून तबकडीला छिद्र पडलं नव्हतं, पण ग्रिलवर आपटून आपटून छापील बाजूचा पत्रा सोलला होता. शेवटचे चार ट्रॅक गेले. बाकीचं मी उतरवून घेतलं आणि भाच्यासाठी एक प्रत वहिनींना दिली.

तेव्हा आपल्या लेखात जे नव्हतं ते मी लिहिते. सीडीची चमकती बाजू आपण जपतो, पण नाजूक असते ती छापील बाजू. ॲल्युमिनियमचा थर तिच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पापुद्रा. तिथे ओरखडा गेला की संगीतच गेलं. म्हणून त्यावर बॉलपेनने नाव लिहू नये. चमकत्या बाजूचा हलका ओरखडा बऱ्याचदा निभावतो. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नको. घरी बर्न केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरात असते, तिला ऊन अजिबात सोसत नाही.

कॉम्प्युटरवर उतरवताना आणखी एक काळजी. सीडीवर ट्रॅकची खूण असते, पण ती रस्त्यावरच्या मैलाच्या दगडासारखी. दगड आला म्हणून रस्ता तुटत नाही. एमपी3 मात्र आवाज ठरावीक मापाच्या तुकड्यांत भरते आणि प्रत्येक फाइलच्या पुढे-मागे थोडी शांतता चिकटवते. साधा प्लेअर ती तशीच वाजवतो, आणि नेमका ट्रॅक बदलतो तिथे ठोका अडखळतो. ज्या सांध्यासाठी डीजेने जीव ओतला, तोच फाटतो. म्हणून अख्खी तबकडी एकाच फ्लॅक फाइलमध्ये (हिच्यात आवाजातलं काहीच गाळलं जात नाही) उतरवावी आणि सोबत क्यू शीट, म्हणजे कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी, ठेवावी, म्हणजे ट्रॅकची नावंही राहतात आणि सलगपणाही. आतली पुस्तिकाही फेकू नये. कुठला ट्रॅक कोणाच्या रिमिक्समध्ये घेतला आहे हे अनेकदा तिथेच छापलेलं असतं.

आपल्या शहराला जपायचं कसं हे कुणी शिकवायची गरज नाही. पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय उभं आहे, लाखेच्या जुन्या तबकड्या तिथे मांडून ठेवल्या आहेत. त्या तबकड्यांनाही एके काळी लोक अडगळच म्हणत असत. आपण ओला, सुका, प्लास्टिक, ई-वेस्ट असे वेगवेगळे डबे ठेवतो, गाडी आली की न चुकता देतो, आणि स्वच्छतेत पहिले आलो याचा मला अभिमान आहे. त्याच शिस्तीने घरातल्या सीडी एकदा हातात घेऊन पाहायला किती वेळ लागतो? मागच्या बाजूला ‘मिक्स्ड बाय’ असं छापलेलं असेल तर ती बाजूला काढा, एवढंच.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक म्हणजे धनत्रयोदशीच्या आत, लोकांचे माळे आवरून व्हायच्या आधी, आपण पुरवणीत या सल्ल्याची दुरुस्ती छापावी. दुसरी, आपल्या मराठी संस्थांच्या वाचनालयांपैकी एखाद्याने सीडीसाठी एक कपाट द्यावं, यासाठी आपण शब्द टाकावा. गाण्याच्या, नाटकाच्या, भाषणांच्या सीडीही लोकांच्या घरी पडून आहेत, त्यांचीही सोय होईल. आलेल्या तबकड्या पुसणं, वाजवून तपासणं आणि यादी करणं हे काम मी रविवारी सकाळी विनामूल्य करीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. सोबत वर सांगितलेल्या त्या अर्ध्या वाचलेल्या तबकडीच्या पुस्तिकेची झेरॉक्स जोडते आहे. हा अल्बम कुणाकडे धड अवस्थेत असेल तर कळवावं, वहिनींच्या भाच्याला ते शेवटचे चार ट्रॅक हवे आहेत.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर