गोदीत घडलेला वास्तुविशारद

पुणे

प्रिय विनायक,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "आम्ही जन्मभर बोटी दुरुस्त केल्या, तुम्ही घरं बांधलीत. तुमच्यातलं कुणी बोटीकडून काही शिकलं का रे?" घाईत मी नुसतं नाव सांगितलं, पॉल रुडॉल्फ. आता निवांत लिहितो. या माणसावर माझा जीव आहे, आणि त्याचं काम तुझ्यासारख्या गोदीवाल्याला आमच्या लोकांपेक्षा लवकर उमगेल.

रुडॉल्फ अमेरिकेतल्या केंटकीचा, जन्म १९१८चा, मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. अलाबामात शिकून तो हार्वर्डला नामवंत वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिअसकडे गेला आणि युद्धात ओढला गेला. १९४३ ते १९४६ तो नौदलात अधिकारी होता. समुद्रावर लढायला नाही, तर ब्रुकलिन नेव्ही यार्डमध्ये, जहाजांच्या बांधणी-दुरुस्तीवर देखरेख करायला. ऐन युद्धात तिथे ७०,००० माणसं राबत होती. ज्या 'मिझुरी'च्या डेकवर जपानने शरणागतीवर सह्या केल्या, ती युद्धनौकाही त्याच गोदीत बांधलेली. १९४४च्या जानेवारीत ती पाण्यात उतरली. कॉलेजात भिंत म्हणजे वीट आणि चुना असं शिकलेल्या पंचविशीतल्या पोराने रोज काय पाहिलं असेल? पातळ पत्रा, त्याला आतून बरगड्या, वजनाचा काटेकोर हिशेब, आणि इंचभर जागासुद्धा वाया न घालवणारी मांडणी. हे तुला मी काय सांगायचं!

युद्ध संपल्यावर तो हार्वर्डला परतला आणि १९४७मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच वर्गांमध्ये त्या सुमारास आपल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदेही ग्रोपिअसकडे शिकत होते. मालवणच्या किनाऱ्यावरचा एक आणि गोदीतून आलेला एक. पुढे दोघांनीही उघड्या काँक्रीटमध्ये मोठी कामं केली. कानविंद्यांचं आयआयटी कानपूर आणि वरळीचं नेहरू सायन्स सेंटर तुला ठाऊक आहेच. या योगायोगाचं मला फार अप्रूप आहे.

मग रुडॉल्फ फ्लोरिडात सारासोटाला राल्फ ट्विचेल या वास्तुविशारदाबरोबर काम करू लागला, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. युद्धानंतर रिकाम्या बसवलेल्या बोटींच्या तोफा आणि यंत्रं गंजू नयेत म्हणून नौदल त्यांच्यावर प्लास्टिकचा फवारा मारून पातळ आवरण चढवत असे. त्या मालाचं नाव 'ककून'. रुडॉल्फने हाच फवारा घराच्या छपरावर मारला! सिएस्टा की बेटावर पाण्याच्या काठाला हीली कुटुंबासाठी त्यांनी पाहुण्यांचं एक लहान घर बांधलं, १९५०मध्ये. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोलादी पट्ट्या ताणल्या, त्यांना झोळीसारखा झोक दिला, वर उष्णतारोधक फळ्या टाकल्या आणि त्यावर ककून. छप्पर नुसतं ताणावर उभं. बाजूच्या भिंती म्हणजे लाकडी झडपा, उघडल्या की वारा आरपार. लोक त्या घराला 'ककून हाउस'च म्हणू लागले.

पण माझं सर्वांत लाडकं घर त्याच्या नंतरचं, सॅनिबेल बेटावर बांधलेलं, १९५२च्या सुमाराचं वॉकर गेस्ट हाउस. अवघं २४ फूट बाय २४ फूट. लाकडी सांगाडा घराच्या बाहेर, पांढरा रंगवलेला. चारही बाजूंना तीन-तीन गाळे. त्यातल्या दोन-दोन गाळ्यांना प्लायवुडची मोठी झडप, वरच्या कडेला बिजागऱ्या. झडपेला दोरी, दोरी कप्पीवरून, आणि दुसऱ्या टोकाला तोफगोळ्यासारखं लाल रंगवलेलं वजन. झडप वर उचलली की तिची पडवी होते, घर चहूबाजूंनी उघडं. वादळ आलं की आठही झडपा खाली, घर डब्यासारखं बंद. तोल इतका नेमका की एकट्या माणसाला झडप हलवता येते. यात नौदलाचं शिक्षण उघड दिसतं.

१९५८मध्ये तो अमेरिकेतल्याच येल विद्यापीठात वास्तुकलेचा विभागप्रमुख झाला. पुढे नावाजलेले वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर आणि रिचर्ड रॉजर्स हे त्याचे विद्यार्थी. १९६३मध्ये तिथली कला व वास्तुकला इमारत उभी राहिली आणि हाच हलक्या छपरांचा माणूस एकदम जडशीळ काँक्रीटकडे वळला. भिंतींवर काँक्रीटचे उभे कंगोरे ओतून घेतले आणि मजुरांकडून हातोड्याने एकेक कंगोरा फोडून घेतला. अंग घासलं तर खरचटतं. सात मजल्यांत तीसहून अधिक पातळ्या. तिथे काम करणाऱ्या चित्रकारांनी नाकं मुरडली, आणि १९६९च्या जूनमध्ये इमारतीला आग लागली. काळ फिरला, अमेरिकेत कामं आटली. मग हाँगकाँग, सिंगापूर, जकार्ता. पुढे त्याच्या चांगल्या इमारतीही पाडल्या. सारासोटाची रिव्हरव्ह्यू शाळा २००९मध्ये गेली. असं काही वाचलं की माझा दिवस खराब जातो. येलची इमारत मात्र दुरुस्त होऊन २००८पासून 'रुडॉल्फ हॉल' म्हणून उभी आहे. ती थोर आहे हे मी मानतो, पण मला विचारशील तर त्याची बुद्धी सॅनिबेलच्या त्या चोवीस फुटांत जास्त स्वच्छ दिसते.

आता जे लिहिण्यासाठी मुख्यतः बसलो, ते. ८ ऑगस्ट १९९७ला तो मेसोथेलिओमाने गेला. हा अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार; तंतू फुप्फुसाच्या आवरणात शिरल्यावर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. त्या काळच्या बोटींमध्ये बॉयलर आणि वाफेचे पाइप अ‍ॅस्बेस्टॉसनेच गुंडाळलेले असत, आणि येलच्या त्या इमारतीच्या छतांनाही तेच फवारलेलं होतं. विन्या, जुन्या बोटींच्या पाइपांवरचं पांढरं लॅगिंग, म्हणजे ते गुंडाळलेलं आवरण, हाताने सोलताना इंजिनरूमभर कशी धूळ उडायची, हे तूच मला कितीदा सांगितलंयस. तोंडाला नुसता रुमाल. फोनवर तू दोनदा खोकलास आणि "हवा बदलली" म्हणालास. छातीच्या डॉक्टरांकडे जा, गोदीतल्या कामाचं स्पष्ट सांग, ते म्हणतील त्या तपासण्या करून घे. वहिनींना हे पत्र दाखव, म्हणजे टाळाटाळ होणार नाही.

आणि एक काम. देवगडजवळ एका ओळखीच्यांचं लहान घर काढतोय, समुद्र अगदी समोर. पश्चिमेच्या बाजूला अशाच वजनाने तोललेल्या झडपा द्यायचं मनात आहे. खाऱ्या हवेत कप्पी कसली टिकेल, पितळेची की स्टेनलेसची? वायर रोप घेऊ की नायलॉनचा दोर? झडप आठ फुटी आहे, मरीन प्लायची. कागदावर आकृती काढून पाठव, मापांसकट.

तुझा,
श्रीधर