नवी बॅटरी घ्यायच्या आधी करंट कुठं जातोय ते बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात उसाच्या बिलावर, पावसावर, सीमाप्रश्नावर रोज पत्रं येतात, धरणावर मासे धरणाऱ्यांचं पत्र मात्र मी आजपर्यंत वाचलं नाही, म्हणून आज मीच लिहायला बसलोय. विषय नावेची बॅटरी सारखी उतरण्याचा हाय. वाचणाऱ्याला छोटा वाटंल, पण आमच्या घरात या एका गोष्टीनं चौदा महिन्यांत तीन बॅटऱ्या खाल्ल्या आणि एका रात्री वडिलांच्या जिवावर बेतलं होतं.

आम्ही हिडकल धरणाच्या पाण्यात मासे धरतो. सरकारी नाव राजा लखमगौडा जलाशय, पण हुक्केरी संकेश्वर भागात सगळे हिडकलच म्हणतात. कटला, रोहू, मृगळ, चिलापी मिळते. संध्याकाळी जाळी सोडायची आणि पहाटे चारला ओढायला जायचं. आधी वल्ह्याचीच नाव होती, मग कारवारकडनं एक जुनं सेल्फवालं आउटबोर्ड इंजिन (नावेच्या मागं बाहेरनं अडकवायचं) आणलं, ६० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती करंट मावतो त्याचं माप) बॅटरी बसवली, पुढं एक हॅलोजन, पाणी उपसायला छोटा पंप आणि मोबाईल चार्ज करायला एक यूएसबी सॉकेट.

पहिली बॅटरी आठ महिन्यांत गेली. दुसरी चार महिन्यांत. दुकानवाल्यानं मीटर न लावता, पाणी न तपासता, नुसतं हॉर्न वाजवून बघितल्यासारखं करून "डेड झाली, नवी घ्या" म्हणून सांगितलं आणि वॉरंटीचं विचारलं तर "पूर्ण उतरवलीय तुम्ही, कंपनी देत नाही" म्हणाला. दुकानाचं नाव मी घेत नाही, पण राग अजून हाय. पाच-सहा हजाराची वस्तू हाय ती, आमच्याकडं एवढे पैसे काढायला किती ओढी लागतात ते आमचं आम्हाला माहीत.

तिसरी दीड महिन्याची होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या आधी, धरण काठोकाठ भरलेलं, ५१ टीएमसीचं पाणी, वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात. मधोमध इंजिन बंद करून जाळं ओढलं आणि नंतर सेल्फ मारला तर नुसतं टक् टक् टक्. दोरी ओढून बघितली, जुनं इंजिन लागलं नाही. लाइट पिवळा पडत पडत विझला, मोबाईलला रेंज नाही, वडील साठीच्या पुढचे. अडीच तास वल्हं मारून काठाला आलो. त्या दिवशीचे मासे मऊ पडले, संकेश्वरच्या बाजारात निम्म्या भावानं गेले, पण मासे गेल्याचं काही नाही, वडिलांचे हात थरथरत होते ते मला अजून दिसतं.

मग माझा भाचा आला. आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलंय त्यानं, ट्रॅक्टरचं वायरिंग करतो. तो म्हणाला मामा बॅटरी बदलायची नाही, आधी गळती शोधायची, टाकी रिकामी होतेय म्हणून कुणी टाकी बदलतं का. पुढचं सगळं त्यानं शिकवलेलं, मी नंतर स्वतः चार-पाच नावांवर करून बघितलेलं हाय.

आधी साधा मल्टिमीटर घ्या, चार-पाचशेला मिळतो. रात्रभर शांत बसलेल्या बॅटरीवर सकाळी इंजिन लावायच्या आधी लावून बघा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन लावून थोडा रेस द्या, १३.८ ते १४.४ च्या मध्ये दिसलं पाहिजे. इंजिन चालू असून पण १२.४ वरच अडकलं तर चार्जिंगच येत नाही, बॅटरीला शिव्या देऊन उपयोग नाही. आमचं १३.१ येत होतं, म्हणजे येतंय पण अर्धवट.

नंतर गळतीची टेस्ट. सगळी बटणं बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि ती वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक याच्या मधे मीटर लावायचा, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून. इथं दोन गोष्टी जीव लावून सांगतो, मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही आणि अँपिअरवर ठेवलेला मीटर प्लस-मायनसला सरळ लावायचा नाही, मीटर तर जळंलच, ठिणगी उडून हात पण भाजंल. साध्या नावेत सगळं बंद असताना काटा शून्याजवळ पाहिजे. आमच्यात ०.४८ अँपिअर दिसला. थोडा वाटतो ना? पण ०.४८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साडेअकरा एएच, तीन दिवस नाव बांधून ठेवली की ६० एएचची बॅटरी निम्म्याच्या खाली, आणि त्यात पण दर वेळी अशी उतरली की आत प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, मग ती कधीच पूर्वीसारखी भरत नाही. नवी बॅटरी महिन्या-दीड महिन्यात म्हातारी होते ती अशी.

मग एक एक वायर काढत जायचं आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. आम्ही सगळे पंपावर संशय घेत होतो कारण तो थेट बॅटरीवरनं घेतलेला, मेन स्विचच्या बाहेर. पंप काढला, आकडा तसाच. हॅलोजन काढला, तसाच. शेवटी इंजिनाकडनं येणारी चार्जिंगची लाल वायर काढली आणि ०.४८ चा ०.०३ झाला. रेक्टिफायर आतून खराब झालेला. ज्यांच्या विहिरीवर मोटार हाय त्यांना लगेच कळंल, फूटव्हॉल्व गळला की मोटार बंद केल्यावर पाणी पाइपातनं परत विहिरीत जातं, तसंच हे, रेक्टिफायरनं करंट एकाच बाजूला जाऊ द्यायचा असतो, तो खराब झाला की इंजिन बंद असताना बॅटरीतला करंट उलटा इंजिनात जात राहतो. म्हणजे जो भाग बॅटरी भरतो तोच ती पीत होता आणि आम्ही दुकानातनं बॅटऱ्या आणत होतो. उरलेला ०.०३ त्या यूएसबी सॉकेटचा, त्यात निळा आकडा रात्रंदिवस जळतो, तो पण महिन्याला वीसेक एएच खातो. आता एक कट-ऑफ स्विच बसवलाय, नाव बांधली की सगळंच बंद.

अजून एक गोष्ट आमच्या ध्यानात नव्हती, हॅलोजनचा हिशोब. ५५ वॅटचा हॅलोजन साडेचार अँपिअर ओढतो, जाळी ओढताना तीन तास लावला की साडेतेरा एएच गेले. लहान आउटबोर्ड हळू चालवताना चार्जिंग अगदी थोडं देतं, आणि आम्ही जाळ्यापाशी हळूच चालवतो. म्हणजे गळती नसती तरी बॅटरी रोज थोडी थोडी तोट्यातच जात होती. आता १० वॅटची एलईडी लावलीय, एक अँपिअरच्या आतच चालतं आणि उजेड पुरतो, शिवाय आठवड्यातनं एकदा घरी आणून चार्जरवर पूर्ण भरतो.

बॅटरीच्या अंगावर तेलकट ओली घाण साचली तर त्यातनं पण थोडा करंट झिरपतो, झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसायची, टर्मिनल घासून व्हॅसलिन लावायचं. आत डिस्टिल्ड पाणीच घालायचं, बोअरचं नाही आणि ॲसिड तर नाहीच. चार्जिंग चालू असताना जवळ बिडी ओढायची नाही, त्यातनं निघणारा गॅस पेटतो. आणि हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडचा दाटपणा मोजायची नळी) मिळाला तर सहाही खाने बघा, पाच सारखे आणि एक फारच खाली असेल तर तेव्हा खरंच बॅटरी गेली, तेव्हा बदला.

साहेब, हे सगळं इंजिनाच्या पुस्तकात असंल, पण पुस्तक इंग्रजीत. वॉरंटी कार्ड इंग्रजी आणि कन्नडमध्ये. कन्नड आम्ही सगळे बोलतो, बाजारात रोजच बोलतो, पण वडिलांच्या पिढीतले लोक चौथी-पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, त्यांना वाचायला जमत नाही, मग दुकानदार म्हणंल ते खरं मानावं लागतं. तुमच्या पेपरात शेतीचं पान असतं तसं महिन्यातनं एकदा पाव पान आमच्यासाठी दिलंत, इंजिन, बॅटरी, जाळी यावर मराठीत, तर धक्क्यावर ते वाचून दाखवायला पोरं हायत. आणि आमच्या मच्छीमार सोसायट्यांना विनंती, सोसायटीत एक मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर घेऊन ठेवा, हजाराच्या आतबाहेर दोन्ही येतात आणि सगळ्या नावांना पुरतात.

तोपर्यंत आमच्या बाजूच्या कुणाची बॅटरी सारखी उतरत असंल तर नवी आणायच्या आधी निरोप द्या, रविवारी मी मीटर घेऊन धक्क्यावर असतो, पैसे लागत नाहीत.

आपला,
एक मच्छीमार वाचक
हिडकल धरण परिसर, ता. हुक्केरी, जि. बेळगाव