डिस्ट्रक्टरला दहा मिनिटे पुरणार नाहीत : धुळ्याच्या मित्रास पत्र

जळगाव,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना कन्स्ट्रक्टरसाठी दोन तास आणि डिस्ट्रक्टरसाठी शेवटची दहा मिनिटे द्यायची, असे तू ठरवले आहेस, हे वाचून राहवले नाही. ही वाटणी बदल, अशी माझी कळकळीची विनंती आहे. क्लास म्हणजे आराखडा, आणि त्यावरून उभी राहते ती वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. क्लासचेच नाव धारण करणारे, काहीही परत न देणारे आणि ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारे फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर, हे मुलांना लवकर समजते. त्याच नावाआधी नागमोडी चिन्ह लावले की सी प्लस प्लसमध्ये डिस्ट्रक्टर होतो आणि तो ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालतो, हेही ती पाठ करतात. तो कशासाठी असतो हे मात्र राहून जाते. मला स्वतःला ते कळायला कामाची सहा वर्षे आणि एका जिनिंगचे आवार लागले.

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. वजनकाट्यावरचा आकडा सिरियल पोर्टमधून, म्हणजे काट्याची तार जोडायच्या जागेतून, संगणकात घ्यायचा आणि पावती छापायची, एवढा तो माझा प्रोग्राम. फंक्शनच्या पहिल्या ओळीत पोर्ट उघडलेला, शेवटच्या ओळीत बंद केलेला, आणि मध्ये एक अट होती की आकडा स्थिर नसेल तर तिथूनच माघारी फिरायचे. एका सकाळी कापसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढली, आकडा हलत राहिला, फंक्शन मधूनच परतले आणि शेवटची ओळ कधी चाललीच नाही. त्यानंतर पोर्ट पुन्हा उघडू गेलो तर विंडोज नकार देई, कारण उघडलेला सिरियल पोर्ट बंद झाल्याशिवाय दुसऱ्यांदा उघडता येत नाही. दर वेळी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करावा लागे. ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेली, आणि पहाटे गावाहून निघालेली माणसे दुपारपर्यंत उन्हात ताटकळली. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती रांग मी अजून विसरलेलो नाही.

त्या अटीच्या आत पोर्ट बंद करण्याची आणखी एक ओळ घालता आली असती. पण उद्या तिसरी वाट निघाली, की तिथेही आठवणीने तेच लिहावे लागणार. म्हणून मी पोर्टचा वेगळा क्लास केला. कन्स्ट्रक्टर पोर्ट उघडतो, डिस्ट्रक्टर बंद करतो. आता फंक्शन शेवटपर्यंत जावो, मधूनच परतो, किंवा एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेल्या अडचणीची सूचना, उडून वर कुठेतरी पकडला जावो, महिरपी कंसाबाहेर पडताना तो ऑब्जेक्ट नष्ट होतो आणि पोर्ट बंद होतो. ही जबाबदारी माझ्या आठवणीकडून कंपायलरकडे, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाकडे, गेली. ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ज्या भाषेचे काम सुरू केले, तिच्यात ही जोडी अगदी सुरुवातीपासून आहे. तुझी मुले जावा शिकून आलेली आहेत, म्हणून हा फरक त्यांना मुद्दाम सांग. तिथे डिस्ट्रक्टर नाही. फायनलाइझ नावाचे फंक्शन होते, पण ते केव्हा चालेल, चालेल की नाही, याचाच भरवसा नसे. २०१७ च्या जावा ९ पासून ते वापरू नये असेच ठरले आहे.

ही जोडी हाती आल्यावर मी लगेच दुसरी चूक केली, तीही फळ्यावर दाखव. वजन वाचणाऱ्या एका छोट्या फंक्शनला मी तो पोर्ट ऑब्जेक्ट रेफरन्सने (मूळ ऑब्जेक्टकडेच बोट दाखवून) न देता तसाच दिला. त्याची प्रत झाली, म्हणजे एकाच उघड्या पोर्टचे दोन मालक झाले. छोटे फंक्शन संपले, प्रतीचा डिस्ट्रक्टर चालला, पोर्ट बंद झाला, आणि मूळ ऑब्जेक्ट बंद पोर्टचे हँडल, म्हणजे विंडोजने दिलेली त्याची ओळखखूण, घेऊन बसला. पुढे तोही संपताना तेच हँडल पुन्हा बंद करू लागला. ज्या क्लासला स्वतःचा डिस्ट्रक्टर लिहावा लागतो, त्याच्या कॉपी कन्स्ट्रक्टरचा, म्हणजे प्रत काढून नवा ऑब्जेक्ट घडवणाऱ्याचा, आणि असाइनमेंटचा, म्हणजे आधीच्या ऑब्जेक्टवर दुसऱ्याची प्रत उतरवण्याचा, विचार त्याच बैठकीत करायचा असतो. माझ्या पोर्टची प्रत निघणे अर्थहीन होते, म्हणून दोन्ही ठिकाणी ‘डिलीट’ लिहून मी ती वाट बंद केली. सी प्लस प्लस ११ या आवृत्तीपासून ही सोय आहे.

क्रम शिकवताना आपल्याकडच्या धाब्याच्या घराचे उदाहरण घे. बांधताना आधी खांब, त्यावर तुळया, मग कडीपाट, शेवटी माती. उतरवताना आधी माती, आणि खांब सर्वांत शेवटी. ऑब्जेक्टही असाच उभा राहतो. आधी बेस क्लास (ज्याचा वारसा घेतला तो), मग मेंबर (क्लासच्या आतले घटक), मग कन्स्ट्रक्टरचा मजकूर; नष्ट होताना नेमके उलटे. इथे मुले हमखास फसतात, कारण मेंबर तयार होतात ते क्लासमध्ये जाहीर केलेल्या क्रमाने. मेंबरना सुरुवातीच्या किमती देणाऱ्या इनिशियलायझर लिस्टमध्ये तू क्रम बदललास तरी त्याने काही फरक पडत नाही. आणि कन्स्ट्रक्टरमध्येच एक्सेप्शन उडाला, समजा तुळया चढल्यावर काम थांबले, तर जेवढे उभे राहिले तेवढेच उतरवले जाते. त्या ऑब्जेक्टचा स्वतःचा डिस्ट्रक्टर चालत नाही, कारण पूर्ण घर कधी झालेच नव्हते. म्हणूनच उघडलेली प्रत्येक गोष्ट तिच्या स्वतःच्या छोट्या क्लासच्या ताब्यात असावी, असा माझा आग्रह आहे.

व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्टच्या खऱ्या क्लासचा डिस्ट्रक्टर चालेल अशी सोय, वारसाहक्काच्या तासाला घेतलास तरी चालेल. मात्र बेसच्या पॉइंटरमधून (ऑब्जेक्टचा पत्ता धरून ठेवणाऱ्यातून) डिराइव्ह्ड, म्हणजे वारसदार क्लासचा, ऑब्जेक्ट डिलीट करायचा असेल, तर बेसचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल हवाच, नाहीतर पुढे काय होईल याची भाषा कसलीही हमी देत नाही, एवढे आत्ताच वहीत लिहून दे.

तास झाल्यावर मुले कुठे अडली ते सविस्तर कळव. काट्याचा जुना, चुकलेला प्रोग्राम मी जपून ठेवला आहे. हवा असल्यास पाठवतो, म्हणजे तो उघडा राहिलेला पोर्ट मुलांनाच शोधू देता येईल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जळगावचा मित्र