वटवाघळांचं झाड तोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात आंबे पाडाला लागले की एकच बोलणं सुरू होतं, वटवाघळांची चिंच तोडा नाहीतर फटाके लावून हाकला. मी पण केसर आंबेवालाच आहे, नुकसान काय असतं ते कळतं, पण या जनावरावर फार अन्याय होतोय म्हणून लिहितोय.

त्याच बागेत फुलटोच्या असतो, अंगठ्याएवढं पाखरू, वजन 5-6 ग्रॅम, दिवसभर चिकचिक करत फिरतं अन् सगळ्यांना गोड वाटतं. हे पाखरू बांडगुळाची फळं खातं, त्यातली चिकट बी फांदीला लागून तिथंच उगवते आणि मग ते बांडगूळ आंब्याचं पाणी ओढत राहतं, हळूहळू फांदीच वाळते. तरी त्याला कुणी दगड मारत नाही, मारूही नये, बांडगूळ वेळेवर काढणं आपलं काम आहे. मग वटवाघळाला वेगळा न्याय का?

वटवाघूळ मोठं, दीड किलोपर्यंत भरतं, पंख पसरले तर 4 फुटांच्या वर, दिसायला भीतीदायक वाटतं हे मान्य. पण ते पिकलेलं फळ शोधतं आणि केसर आपण कच्चाच उतरवून पिकवायला आढी लावतो, म्हणजे जास्त फटका झाडावर पिकायला ठेवलेल्या मालाला, तिथं जाळी टाकता येते. उलट वड, पिंपळ, उंबराची बी रात्रीतून कोसच्या कोस नेऊन माळावर, बांधावर टाकणारं हेच, आपल्या उजाड मराठवाड्यात याची किंमत किती आहे! मादीला वर्षाला बहुतेक एकच पिल्लू होतं, त्यात पारा 42 च्या वर गेला की ही जनावरं झाडावरून पटापट मरून पडतात, अशात सावलीचं झाडच तोडलं तर राहिलं काय?

वटवाघळांपासून माणसाला होणाऱ्या निपाह या विषाणूची भीती खोटी नाही, 2018 ला कोझिकोडमध्ये माणसं गेली. म्हणून उष्टं फळ खाऊ नका, मेलेल्या वटवाघळाला उघडा हात लावू नका, पण झाडाला कुऱ्हाड लावणं हा त्यावर इलाज नाही. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात वटवाघूळ उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी यादीत होतं, 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढली, हे गावात फार जणांना माहीतच नाही.

वनविभागानं उन्हाळ्याआधी ग्रामसभेत येऊन हे सांगावं आणि कृषी विभागानं बागेच्या जाळीला अनुदान द्यावं, एवढी विनंती.

— एक आंबा उत्पादक, जि. बीड