तवंगाचा फोटो बघून

संपादक साहेब, स. न. वि. वि.

परवा तुमच्या पेपरात मुठा नदीच्या पाण्यावरच्या रंगीत तवंगाचा फोटो आला, खाली लिहिलंय 'एका रेणूइतका पातळ थर'. अहो, असे रंग दिसायला थर शंभरेक नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तरी जाड लागतो! एका रेणूचा थर असतो जेमतेम दोन नॅनोमीटरचा, तो डोळ्याला दिसतच नाही.

त्या थरात तेलाचे रेणू कसेही लोळत नाहीत, डोकं (पाणी आवडणारं टोक) पाण्यात आणि शेपटी (पाणी टाळणारी लांब साखळी) वर हवेत, पूर्वी पीएमटीच्या बसमध्ये माणसं दाटीवाटीने उभी असायची ना तसे. सैल असले की शेपट्या आडव्यातिडव्या, बाजूने दाबलं की उभ्या राहतात. स्टिअरिक आम्लाचा (हे चरबीत सापडणारं आम्ल) दाबलेला रेणू जागा घेतो फक्त ०.२ चौरस नॅनोमीटर, शेपटी लांब असो की आखूड, जागा साधारण तेवढीच. हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूरने १९१७ ला मांडलं, १९३२ ला नोबेल मिळालं. पण त्याच्या आधी जर्मनीत ॲग्नेस पॉकेल्स या बाईंनी घरच्या घरी पत्र्याच्या कुंडात पट्टी सरकवून असा थर दाबल्यावर पाण्याचा पृष्ठताण कसा बदलतो ते मोजलं होतं आणि १८९१ ला 'नेचर'मध्ये आलं ते त्यांचं पत्रच, म्हणजे तसं आपल्यासारखंच!

मी काल परातीत पाणी घेऊन वर मिरपूड भुरभुरली, भांड्याच्या साबणाचं बोट मधोमध टेकवलं, साबणाचा असाच पातळ थर पसरला आणि सगळी पूड सर्रकन कडेला. नातू म्हणाला, आजोबा परत करा. सौ. म्हणाल्या, परात कोण घासणार.

तेवढी फोटोखालची ओळ दुरुस्त करा.

एक वाचक, कोथरूड, पुणे