त्या दिवशी मी हॉर्न वाजवला होता

अंबाजोगाई,
रविवार, रात्र

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, जुन्या निगेटिव्हचा डबा आहे का अजून?" मी आहे म्हणालो आणि जेवणाखाणाचं विचारत बसलो. असलं काही मला फोनवर बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे. आता स्टुडिओचं शटर ओढून निवांत बसलोय, म्हणून लिहितो.

दिवाळीआधी तुझ्या हट्टापायी संभाजीनगरला आपण ते फोटोंचं प्रदर्शन बघितलं. खरं सांगू का, माझं अर्धं लक्ष फ्रेमींकडं होतं. माउंट सरळ कापलाय का, काच चमक मारते का, प्रिंट कुठल्या कागदावर काढलीय. तीस वर्षं लग्नाचे अल्बम केलेल्या माणसाची खोड, जायची नाही. तू मात्र एका फोटोपुढं खिळलीस. लातूरचा, २०१६ च्या उन्हाळ्यातला. टँकरच्या वाटेवर रांगेनं मांडलेले हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबे. माणूस एकही नाही. मी तीन भिंती फिरून आलो तरी तू तिथंच. म्हणालीस, "अण्णा, ह्या हंड्याला लाल चिंधी बांधलीय बघा. आणि ह्या प्लास्टिकच्या घागरीत दगड टाकलाय, वाऱ्यानं उडू नये म्हणून. कुणाचं कोणतं ते ज्याचं त्याला कळत असणार."

त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. मीही कॅमेरा घेऊन गेलो होतो. इंजिन, गर्दी, वर धरलेले मोबाइल. तो फोटो अजून काउंटरमागं लावलाय, पण तसाच फोटो सगळ्यांनी काढला होता. आणि प्रदर्शनातून परत येताना गाडीत मला आठवलं, त्याच दिवशी लातुरात हंड्यांची अशीच एक रांग रस्त्यावर आली होती. स्कूटर जाईना म्हणून मी हॉर्न वाजवला होता. तुला तेव्हा सांगितलं नाही.

ते प्रदर्शन बघायच्या आधीचं तुझं फोटोंचं काम आठव. भेगा पडलेली जमीन, कपाळाला हात लावलेले शेजारचे तात्या. हात लावा म्हणून तूच सांगितलं होतंस. त्या माणसाला बिचाऱ्याला तंबाखू मळायची होती! तुला तरी काय बोलणार? "मान जरा उजवीकडं, हनुवटी खाली, हं, हसा," हे ऐकतच तू वाढलीस.

दिवाळीत गावाकडं गेलो तेव्हा ऊसतोडीच्या बऱ्याच टोळ्या साखर कारखान्यावर निघून गेल्या होत्या. गेल्या साली तू ट्रकवर चढणारी माणसं काढली होतीस, मावळतीच्या उजेडात. चांगले फोटो होते, पण आपल्या बीड जिल्ह्यात असा फोटो दर हंगामाला निघतो. यंदा तू त्यांच्या बंद घरांच्या कुलपांचे फोटो काढलेस. एका कडीला नुसती तार पिळलेली. एका कुलपावर पाणी जाऊ नये म्हणून दुधाच्या पिशवीचा तुकडा बांधलेला. आणि ती म्हातारी, जिच्या पदराला सात घरांच्या किल्ल्या होत्या. दोन तास तू तिच्या ओसरीवर बसलीस, भाकरी खाल्लीस, आणि फोटो काढले अकरा. मी बाहेर चिडलो होतो. रोल संपायची भीती असलेला माणूस मी, छत्तीसच फ्रेम, तरी इतका वेळ कधी कुणापाशी बसलो नाही.

एक मात्र सांगतो, राग मानू नको. माणूस नसलेलाच फोटो भारी, असं आता डोक्यात घेऊ नको. ते पुन्हा कपाळाला हातच.

आता डब्याचं. पूर्वी कारखान्यावर निघायच्या आधी नवीन जोड्या फोटोला यायच्या. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना नवराबायको मिळून एकच कोयता मोजतो, तशी ती दोघं स्टुलावर ताठ बसायची. मी तेवढाच फोटो प्रिंट करून द्यायचो. पण गिऱ्हाईक उठलं की रोल संपवायला दोन-तीन फ्रेम उगीच मारायचो. त्यात कुणी पदर सावरतंय, कुणी चप्पल शोधतंय, एक गडी बायकोला स्टुलावरून उतरायला हात देतोय. ते मी कधी प्रिंट केले नाहीत. काल खिडकीशी उजेडाला धरून बघितले. बराच वेळ बघत बसलो.

शनिवारी तुझा मामा येतोय तिकडं, त्याच्याकडं डबा देतो. पट्ट्या कडेला धरायच्या, मधे बोट लागू द्यायचं नाही. बुरशी लागलेल्या वेगळ्या पाकिटात घातल्यात, त्या बाकीच्यांत मिसळू नको. सोबत रजिस्टर आहे, नंबरावरून नाव-गाव सापडतं. कुणाचा चेहरा भिंतीवर लावायचा असला तर आधी त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. मी येईन संगं.

आईनं लाडू दिलेत. ते डब्याजवळ ठेवू नको, तूप सुटतं.

तुझा,
अण्णा