नऊ कलमांपैकी दोन ठेवा

नागपूर,
दि. 28 डिसेंबर 2025

तीर्थस्वरूप आई व बाबा यांस,
सप्रेम साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यादीचा फोटो मिळाला. डावीकडे समास सोडून, क्रमांक घालून लिहिलेली नववर्षाची नऊ कलमे वाचताना एखादी कार्यालयीन टिपणी वाचत असल्यासारखे वाटले. पहाटे साडेचारला उठणे, रोज दहा हजार पावले चालणे, साखर पूर्ण बंद, दुपारी एकभुक्त राहणे, रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, गुढीपाडव्यापर्यंत दहा किलो वजन कमी करणे, रोज दोन तास वाचन, पेटी शिकणे आणि मोबाईल दिवसातून अर्धाच तास. बहात्तराव्या वर्षी एवढी उमेद असणे ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र दुपारी एकभुक्त राहायचे ठरले असेल, तर पाचव्या कलमातील रात्रीची भाकरी कोणासाठी आहे, हे मला समजले नाही. फोनवर असे काही विचारले की तुम्ही "बघू, बघू" म्हणत विषय क्रिकेटवर नेता, म्हणून हे सविस्तर लिहून पाठवत आहे.

तुमची सारी नोकरी नीरा उजव्या कालव्यावर गेली, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. शेतकऱ्यांची मागणी कितीही असली तरी रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांचे, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांचे, नियोजन 15 ऑक्टोबरला धरणात असलेला साठा पाहूनच होते, आणि त्यातूनही पिण्याचे पाणी व बाष्पीभवन आधी वजा घातले जाते, हे मी लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकत आले आहे. तुमच्या यादीत मागणी नऊ कलमांची आहे, पण साठ्याचा उल्लेख कुठेही नाही. तुमचा दुखरा गुडघा, मधुमेहाची गोळी, जिच्याशिवाय संध्याकाळ चिडचिडीत जाते ती दुपारची झोप, लग्नसराई, आल्यागेल्याचे चहापाणी, हे सगळे वजा करून जे उरेल त्यावर यादी बेतायला हवी. त्या हिशेबाने माझ्या मते जेमतेम दोन कलमे बसतात. बाकीची मी खोडत नाही, पुढच्या आवर्तनासाठी राखून ठेवते.

त्याआधी आईबद्दल लिहिणे आवश्यक आहे. नऊपैकी निदान तीन कलमांची अंमलबजावणी तिने करायची आहे आणि यादीवर तिची सही नाही. आई, तू स्वतःहून बोलणार नाहीस, म्हणून मी लिहिते. तुझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजलेला आहे, हे आपण एक्स-रेमध्ये पाहिले. ज्वारीच्या पिठाला कणकेसारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यात भिजवून तळहाताने चांगले रगडावे लागते, नाहीतर थापताना भाकरीच्या कडा फुटतात, आणि या रगडण्याचा भार नेमका त्याच सांध्यावर येतो. शिवाय बाबांसाठी भाकरी आणि स्वतःसाठी पोळी, एक भाजी बिनगुळाची आणि दुसरी नेहमीची, असा दुहेरी स्वयंपाक रोज संध्याकाळी करायचा. घरातील पुरुषांचे आहाराचे संकल्प बहुधा याच कारणाने महिन्याभरात बारगळतात असे माझे निरीक्षण आहे: संकल्प एकाचा आणि कष्ट दुसरीचे असले, की ज्या दिवशी ती दमते त्या दिवशी तो मोडतो, आणि बोल मात्र तिच्याकडे जातो.

बाबा, भाकरीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाल्ल्याने साखरेच्या आकड्यात फारसा फरक पडेल असे समजू नका. त्याऐवजी पोळ्यांपैकी एक कमी करा आणि तिच्या जागी वाटीभर कोशिंबीर घ्या, मात्र काकडी, गाजर आणि मुळा तुम्ही स्वतः चिरा. ज्या कलमाचे काम ज्याचे त्यानेच करायचे तेच कलम यादीत ठेवावे, असा माझा आग्रह आहे. एकभुक्त राहण्याचा विचार तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच अमलात आणू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या घेत असताना एक वेळचे जेवण टाळले, तर रक्तातील साखर एकाएकी खाली जाऊन चक्कर येऊ शकते, आणि पडून खुब्याचे हाड मोडले तर काय होते हे मी फिजिओथेरपीच्या कामात रोज पाहते.

आता चालण्याकडे येते. दहा हजार पावलांचा आकडा मुळात कोणा डॉक्टरांनी संशोधनाअंती ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र बाजारात आले आणि ते विकताना हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला होता. तो 2019 साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील स्त्रियांचे सरासरी वय तुमच्याइतकेच, म्हणजे 72 होते. रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साधारण 7,500 पावलांच्या पुढे ते आणखी कमी होताना दिसले नाही. अशा अभ्यासावरून चालणे हेच एकमेव कारण होते असे सिद्ध होत नाही, तरीही दहा हजारांसाठी गुडघ्याचा बळी देण्याची गरज नाही एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. तुम्ही पावले मोजू नका. सकाळी सात वाजता, पहिला चहा झाल्याबरोबर, पायात बूट घालून बाहेर पडा आणि अर्ध्या तासाने घरी या. आठवड्यातून पाच दिवस असे चाललात तरी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान 150 मिनिटे पूर्ण होतात.

साडेचारचा आग्रह सोडा, हे मी विशेष करून लिहिते. सध्या गाळप हंगाम ऐन भरात आहे. फलटणच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात, मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही, आणि त्यात धुके. ब्राह्ममुहूर्ताचे महात्म्य मला मान्य आहे, पण त्या वेळी रस्त्याच्या कडेने चालण्याचे नाही. शिवाय साडेचारला उठण्यासाठी साडेआठला झोपावे लागेल, आणि रात्रीच्या बातम्या तुम्ही सोडाल यावर घरात कोणाचाही विश्वास नाही.

दुसरे कलम साखरेचे. "साखर पूर्ण बंद" या शब्दांत ते 14 जानेवारीला मोडणार, कारण संक्रांतीला आई गुळपोळ्या करणार आणि शेजारपाजारचे लोक तिळगूळ घेऊन येणार. एकदा मोडले की "आता काय उपयोग" म्हणून सगळी यादी फडताळात जाते, हा तुमचा स्वभाव आहे. म्हणून कलम मोठे न ठेवता नेमके ठेवावे. तुम्ही दिवसातून चार कप चहा घेता आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते. चमचा चार ग्रॅमचा धरला तरी नुसत्या चहातून 32 ग्रॅम साखर पोटात जाते, आणि आरोग्य संघटनेचा अधिक कडक सल्ला पाळायचा तर अशी वरून घातलेली साखर सगळी मिळून दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास असावी. जानेवारीत प्रत्येक कपात एकच चमचा घ्या आणि फेब्रुवारीपासून बिनसाखरेचा चहा घ्या, एवढेच कलम असू द्या. संक्रांतीला दुपारच्या जेवणात अर्धी गुळपोळी खायची, हे आजच लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी नियम मोडल्यासारखे वाटणार नाही. अमुक प्रसंग आला तर मी अमुक करीन, असे आधीच ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून ठरवलेले काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्यानंतर इतर अनेकांनी प्रयोगांतून दाखवले आहे. चालण्यालाही हेच लावा: धुके असेल तर गच्चीवर दहा मिनिटे चालायचे, गुडघा दुखत असेल तर खुर्चीत बसून मी शिकवलेला पाय ताणण्याचा व्यायाम करायचा, पण सातची वेळ रिकामी जाऊ द्यायची नाही.

वजनाचे कलम मी यादीत ठेवणार नाही. वजन किती उतरेल हे थेट आपल्या हातात नसते. सातला बाहेर पडणे असते. शिवाय दहा किलो हा आकडा कुठून आला? सध्याच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत चार किलोच्या आसपास, वजन कमी झाले तरी साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम दिसू शकतो.

एकवीस दिवसांत सवय लागते असे तुम्ही मागे म्हणाला होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर बारा आठवडे अभ्यास झाला. त्यात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असे आढळले, कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवयीत म्हणण्यासारखे विघ्न येत नाही, असेही दिसले. तुमच्यासाठी मला हाच निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आई दुधाचा खाडा लिहिते, त्याच चौकोनात चालण्याचाही खाडा लिहा. गेलेल्या दिवसांची नोंद नको, फक्त न गेलेल्या दिवसाची. सलग दोन चौकोनांत खाडा दिसू लागला, तर स्वतःला दोष न देता अर्ध्या तासाची वीस मिनिटे करा, पण खाडे लपवू नका.

मुदतही ठरवून टाकू या. पुढचा गुढीपाडवा 19 मार्चला आहे, म्हणजे 1 जानेवारीपासून बरोबर अकरा आठवडे. आजी चातुर्मासात वांगे सोडायची ती चार महिन्यांपुरतीच. नेमाला शेवट असायचा, उद्यापन व्हायचे आणि पुढचा नेम घ्यायचा की नाही हे तेव्हा ठरायचे. आयुष्यभरासाठी एकदम काही सोडण्याची प्रतिज्ञा तिने केल्याचे मला आठवत नाही. तुम्हीही हा नेम पाडव्यापर्यंतचाच समजा. तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी या आठवड्यात एकदा आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा एकदा करा, म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोलता येईल. एवढे पार पडले की पेटीचे कलम घेऊ. ते मला मनापासून आवडले आहे, म्हणूनच ते बाकीच्या गर्दीत हरवू नये असे वाटते. वाचन तर तुम्ही यादीशिवायही करताच, आणि मोबाईलचे कलम मी तूर्त बाजूला ठेवते, कारण माझा फोन त्या अर्ध्या तासात बसणार नाही.

आई, आता तुझे. तू यादी केली नाहीस आणि करणारही नाहीस, पण एक गोष्ट माझ्यासाठी कर. सकाळी चहाचे आधण ठेवलेस की ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून सरळ उभी राहा आणि टाचा हळूहळू वर उचलून तितक्याच सावकाश खाली टेक. आधणाला उकळी फुटेपर्यंत जितक्या वेळा होईल तितके पुरे. काही दिवसांनी एकेका पायावर उभे राहण्याचा प्रयत्न कर, हात मात्र ओट्यावरच असू देत. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत असे सांगितले जाते, आणि तू "वेळ नाही" म्हणशील म्हणून मी चहाचीच वेळ निवडली आहे. सकाळी सात ते साडेसात बाबा बाहेर असतील. तो अर्धा तास तुझा आहे. त्यात भाजी निवडत बसू नकोस.

बाबा, दोन कलमांची सुधारित यादी 31 तारखेपर्यंत पाठवा, आणि या वेळी खाली दोघांच्याही सह्या असू द्या. आम्ही सर्व पाडव्याला येत आहोत, रजा मंजूर झाली आहे.

बाकी सर्व क्षेम.

तुमची लेक

ता. क. – बाबांचे चालण्याचे बूट मागच्या बाजूने झिजले आहेत. नवे घेताना संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभरात पायांना थोडी सूज येते आणि सकाळी बरोबर वाटलेला बूट संध्याकाळी घट्ट होतो. पैशांचे मी पाहते.